तापट डफ

पावसाळी हवेत डफ रुसतो. कातडं ओलावून सैल पडलं की थापेला नुसतं भद्द करतो. मग जाळाजवळ धरायचा, टिचकी मारून अंदाज घ्यायचा. जास्त शेकला तर तडकतो, म्हणजे दोन्हीकडून मिजास. सोलापूरच्या उन्हाशी मात्र त्याचं बरं जमतं.

अंगात तसं काही नाही. गोल कडं, त्यावर ताणलेलं बकऱ्याचं कातडं. सूर तुणतुण्यानं धरायचा, ह्यानं नुसतं ठणकवायचं. शिष्टांच्या घरात त्याला थारा नव्हता. उतरत्या पेशवाईत सोलापूरच्या जोश्यांच्या रामानं त्याचा नाद धरला, तर पुराणिक थोरल्या भावानं रामाला घराबाहेर काढलं. राम संस्कृत शिकून आला आणि पुन्हा डफाकडेच वळला. भाऊ आज आठवतो तो या हाकलण्यापुरता.

पुढं डफाला बार्शीचा सोबती मिळाला. १९१६ साली जन्मलेला मेहबूब पटेल. आधी गाडीवर क्लीनर, मग गिरणी कामगार. संप झाला, तुरुंग झाला आणि शाहीर अमर शेख उभा राहिला. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे आणि गवाणकर यांच्यासोबत त्यानं लाल बावटा कलापथक काढलं. शृंगाराच्या लावण्यांना सरावलेला डफ आता मजुरी, भूक, सावकार यांवर बोलू लागला. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत तर भाषणाआधी लोक याचीच वाट बघायचे.

दांडगटपणा त्याचा वरवरचा. खरी अक्कल थांबण्यात आहे. पहिल्या थापेला गर्दीची मान वळवतो. शाहीर मुद्द्यावर आला की कडेवरच्या बोटांपुरता उरतो. कडवं संपलं की झीलकऱ्यांच्या ‘जी जी’सोबत पुन्हा उसळतो. जमैकाच्या रेगेलाही ही समज आहे. तिथला ‘वन ड्रॉप’ ठेका पहिली मात्रा मोकळी सोडतो आणि तिसरीवर पडतो. बॉब मार्लेनं त्याच ठेक्यावर उपाशी पोटाबद्दल आणि गुलामीबद्दल सांगितलं, आणि नाचणाऱ्यांनाही शब्द ऐकू गेले. ढोलताशाला हे जमत नाही. तो कुणाला बोलूच देत नाही.

ऑगस्ट १९६९ मध्ये अमर शेख अपघातात गेले. डफ काही व्रतस्थ राहिला नाही. शिवजयंतीला पोवाडे, युवा महोत्सवात बक्षिसं, मतदान जागृती, हात धुण्याचा प्रचार, सगळं करतो. सकाळी सरकारी योजनेचं गुणगान गातो आणि दुपारी त्याच कचेरीपुढच्या धरण्यात पहिल्या रांगेत असतो.