काळी आपली, तांबडी घाटाची

पालमच्या शिवारातली काळी माती तुमच्या ओळखीची. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात, पावसाळ्यात ती पायाला सोडत नाही. असा आपला माणूस आंबोलीच्या घाटात गेला, की थबकतो. तिथे माती तांबडी! पण दोघींची आई एकच. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून जो काळा पाषाण झाला, त्याच्याच या दोन लेकी.

मग फरक कशाने पडला? पावसाने. परभणीकडे वर्षाला साधारण ९०० मिलिमीटर पाऊस, तर आंबोलीत त्याच्या सात-आठ पट. एवढे पाणी मातीतला चुना धुऊन नेते. मागे लोह उरते, म्हणून रंग तांबडा. आपल्याकडे मात्र चुनखडी नांगराला लागते.

मग त्या धुतलेल्या उतारावर घनदाट रान कसे? तिथला कस बहुतेक वरच्या पालापाचोळ्यातच असतो. पान पडते, कुजते, मुळे ते पुन्हा उचलतात. रान तुटले की कसही जातो. म्हणूनच कोकणात वरकस उतारावर काही वर्षे नाचणी-वरी घेऊन जमीन पडीक ठेवीत.

आपली काळी दमाची खरी. पण भिजून फुगली की पाणी मुरू देत नाही. ते वरून वाहते आणि माती गोदावरीला नेते. येत्या पावसात बांधावरचे पाणी ओंजळीत घेऊन पाहा. गढूळ दिसले, तर शेतच चालले म्हणून समजा.