दोराच्या भरवशावर

"आई, तुम्हीही उतरायचं हं!" सूनबाई म्हणाली, तेव्हा मला ती थट्टाच वाटली. जिना उतरताना कठडा धरणारी मी, कडा कसली उतरतेय! पण गेल्या ऑक्टोबरात मुलाकडे अमेरिकेला गेले होते, तेव्हा आम्ही युटा राज्यातलं मोअब पाहायला गेलो आणि चक्क दोरावरून उतरून आले.

मोअब हे कोलोरॅडो नदीकाठचं लहानसं गाव. भोवती वाळवंट, पण ते लाल-केशरी खडकांचं. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वाळूच्या टेकड्यांचा दगड झाला आणि पाण्यानं त्यात खोल घळी कोरल्या. त्यांपैकी 'मेडीव्हल चेंबर' नावाच्या घळीत नवशिक्यांना वाटाड्यांबरोबर नेतात.

आमची वाटाडी सूनबाईच्याच वयाची. तिनं हेल्मेट घातलं, कमरेचे पट्टे आवळले, एकेक बक्कल स्वतः तपासलं. मंगळसूत्र आणि बांगड्या मी आधीच काढून ठेवल्या होत्या. केसही घट्ट बांधले; चापात केस अडकले तर पंचाईत! दोर या चापातून घासत जातो, म्हणून वेग आवरता येतो. खालच्या हातानं दोर हळूहळू सोडायचा, पण तो हात मात्र दोरावरून काढायचा नाही. दुसरा वाटाड्या आधीच खाली उतरलेला असतो. आपला हात सुटलाच, तर तो दोर ताणून आपल्याला थांबवतो.

हे सगळं कळलं, तरी कड्यावरून पाय खाली टाकताच मी दगडाला मिठी मारली. पाय घसरले, गुडघा खरचटला. "मागे रेला, खुर्चीत बसल्यासारखं!" वाटाडी वरून म्हणाली. तेच तर मला जमत नाही! सूनबाई पोळ्या लाटत असली, तरी माझा हात तव्याकडे जातोच. देवाचं नाव घेऊन रेलले, आणि काय सांगू, तळवे दगडावर घट्ट बसले!

पहिला टप्पा झाला की दोर खाली ओढून घेतात; मग मागे फिरणं नाही. दुसरा टप्पा शंभर फुटांहून जास्त. शेजारी 'मॉर्निंग ग्लोरी' ही सुमारे 243 फुटांची नैसर्गिक दगडी कमान, आणि मी अधांतरी! पण या वेळी भीतीपेक्षा कमानच जास्त पाहिली. खाली झऱ्याचं पाणी होतं. तिथून ओढ्याकाठानं साधारण तीन किलोमीटर चालत परतलो.

तुम्ही गेलात, तर वसंतात किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरात जा. उन्हाळ्यात ऊन असह्य असतं, आणि दूर कुठे पाऊस पडला तरी घळीत अचानक लोंढा येतो. बंद बूट, पूर्ण पँट आणि दिवसाला माणशी चार लिटर पाणी हवं. कमानीखाली तीन-तीन पानांची पॉयझन आयव्ही वाढते, तिला हात लावू नका. अंगावर पुरळ उठतं. आणि वाटाड्याशिवाय मुळीच उतरू नका.

त्या रात्री पोळ्या सूनबाईनं केल्या. मी खुर्चीत मागे रेलून बसले होते.