बाजीरावाची वही

वक्तशीरपणाचे धडे मला शाळेत गुरुजींनी दिले, घरी वडिलांनी दिले; परंतु ते माझ्या अंगी कधी बाणले नाहीत. पुढे चाळिशी उलटल्यावर हा धडा मला एका बोक्याने शिकवला.

बाजीराव हे त्याचे नाव. पिवळसर अंगावर तांबूस पट्टे, भरदार मान आणि चालण्यात असा डौल, की तो समोरून आला म्हणजे आपणच बाजूला सरून वाट द्यावी. नवव्या वर्षी त्याचे वजन सात किलो भरले. तो लठ्ठपणा आम्ही त्याच्या वैभवाचे लक्षण समजत होतो.

त्या पावसाळ्यात मात्र त्याचे काहीतरी बिनसले. एरवी पाण्याच्या वाटीला क्वचितच तोंड लावणारा हा प्राणी न्हाणीघरातील बादलीशी जाऊन बसू लागला. पुन्हा पुन्हा लघवी करू लागला. ताटली चाटूनपुसून स्वच्छ करी, तरी अंग झडतच चालले. एके दिवशी तर मागच्या पायांचे घोटे जमिनीला टेकवून तो चालू लागला. ते पाहून आई म्हणाली, "अरे, याला आजच डॉक्टरांकडे ने. हे म्हातारपण नव्हे."

पशुवैद्यांनी रक्त व लघवी तपासली. मांजर नुसते घाबरले तरी त्याच्या रक्तातील साखर काही काळ वाढते; म्हणून गेल्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज देणारी आणखी एक तपासणी त्यांनी केली. मग ते म्हणाले, "याला मधुमेह झाला आहे."

पोटातील स्वादुपिंड नावाच्या ग्रंथीतून इन्सुलिन पाझरते. त्याच्या साहाय्याने रक्तातील साखर शरीराच्या पेशींत शिरते. ते कमी पडले, किंवा त्याचा प्रभाव पडेनासा झाला, की साखर रक्तातच साचते, लघवीवाटे वाहून जाते आणि जाताना पाणीही ओढून नेते. धान्याने भरलेल्या कोठाराच्या दाराशी किल्लीवाचून उपाशी बसावे, तशी शरीराची गत होते.

दर बारा तासांनी इन्सुलिन टोचायचे ठरले. सकाळी सात आणि सायंकाळी सात. आरंभीची मात्रा एक एकक, म्हणजे मिलिलिटरचा अवघा शंभरावा भाग! खाण्यातला भात बंद झाला. पाठीची कातडी चिमटीत धरून सुई टोचताना माझा हात थरथरे. बाजीराव मात्र आपल्या ताटलीतून मान वर करीत नसे. रक्तासाठी त्याच्या कानाची कड ऊबदार कापडाने शेकायची, बारीक टोचा मारायचा, आणि मोहरीएवढा थेंब यंत्राच्या पट्टीला लावायचा. निरोगी मांजराच्या रक्तात दर डेसिलिटरला साधारण ८० ते १२० मिलिग्रॅम साखर असते. बाजीरावाचा आकडा पहिल्या दिवशी ४१० होता.

महिनाभरात मात्रा दोन एककांवर आली, आकडे उतरू लागले, आणि माझ्या मूळ स्वभावाने डोके वर काढले. एका रविवारी मी उशिरा उठलो. घड्याळात पावणेआठ! आई भाजी आणायला गेली होती. घाईघाईने मी बाजीरावाला सुई टोचली आणि वर्तमानपत्र उघडले. आईने सातच्या ठोक्याला सुई दिली होती, हे मला ठाऊक नव्हते. मीही विचारले नव्हते.

साडेदहाच्या सुमारास बाजीराव झोकांड्या देत आला आणि कोसळला. डोळे उघडे, पण हाकेला ओ नाही. आकडा होता ३८. इन्सुलिन दुप्पट झाले होते आणि रक्तातील साखर नको तितकी खाली गेली होती. आईने धावत जाऊन मध आणला. घशात जाऊ नये अशा बेताने मी तो बोटाने त्याच्या हिरड्यांना चोळला आणि त्याला उराशी धरून दवाखाना गाठला. शिरेतून ग्लुकोज सुरू झाले. ती रात्र मी तिथल्या बाकावर बसून काढली. पहाटे त्याने माझा हात चाटला, तेव्हा मला मान वर करवेना. आई एवढेच म्हणाली, "उद्यापासून लिहून ठेवत जाऊ."

तेव्हापासून भिंतीवर एक वही टांगली आहे. तारीख, वेळ, खाणे, आकडा, मात्रा आणि देणाऱ्याची सही. सही नसेल आणि शंका असेल, तर सुई टोचायची नाही. कारण एक मात्रा चुकल्याने सहसा फारसे बिघडत नाही, दोनदा दिल्याने जीव जाऊ शकतो.

त्या बाकावर बसलो असता मला एक गोष्ट आठवली होती. १९२१ साली कॅनडातील टोरोंटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिनचा शोध लावला, तो कुत्र्यांवर प्रयोग करून. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचण्यात आले. त्यानंतर अनेक दशके माणसांसाठी इन्सुलिन काढले जाई ते गाईगुरांच्या व डुकरांच्या स्वादुपिंडातून. मुक्या प्राण्यांचे केवढे हे ऋण! बाजीरावाला दिलेली एक सुई म्हणजे त्या ऋणाचा लहानसा हप्ताच.

काही मांजरांची प्रकृती इतकी सुधारते, की पुढे इन्सुलिन लागतच नाही. बाजीरावाच्या नशिबी ते नव्हते. पण त्याचे वजन आता साडेपाच किलो आहे आणि चालण्यातला डौल परत आला आहे.

सात वाजायला पाच मिनिटे आहेत. बाजीराव वहीखाली येऊन बसला आहे. आता मला उठले पाहिजे.