फिर्यादी

गेल्या हिवाळ्यात एका दाव्याच्या कामासाठी आम्ही धार जिल्ह्यातील कुक्षीस गेलो होतो. काम लवकर आटोपले, म्हणून सोबतच्या वकीलमित्रासह जवळची बाघची लेणी पाहावयास गेलो. मित्र जन्माने आणि श्रद्धेनेही ख्रिस्ती. बाघनी नदीकाठच्या या नऊ लेण्यांपैकी आज पाचच बऱ्या स्थितीत आहेत. उरलीसुरली बहुतेक भित्तिचित्रे ग्वाल्हेरच्या संग्रहालयात नेली आहेत. दुसऱ्या लेण्यात स्तूपाच्या गाभाऱ्याबाहेर बोधिसत्त्वांसह बुद्ध उभा आहे. आसपासचे लोक त्यांना पांडव समजत आले.

तेथे बसलो असता बोलणे माराच्या कथेवर आले. बोधिवृक्षाखालच्या गौतमास माराने विचारले, या आसनावर तुझा हक्क काय, साक्षीदार कोण? गौतमाने बोटांनी भूमीस स्पर्श केला. तीच त्याची साक्षीदार. आम्ही हसून म्हटले, "हा तर मालकीहक्काचा दावा झाला!"

मित्र हसला नाही. म्हणाला, "आमचा सैतानही मुळात फिर्यादीच. हिब्रू भाषेत त्या शब्दाचा अर्थ प्रतिपक्षी. ईयोबाच्या ग्रंथात तो देवापुढे उभा राहून एका सज्जनावर संशय घेतो. मला तो कधी दिसत नाही, ऐकू येतो. सकाळी शेजाऱ्याविरुद्ध बोलतो, रात्री माझ्याचविरुद्ध."

"मग तुमच्या बाजूने कोण?"

"योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्यासाठी जो ग्रीक शब्द आहे, त्याचा अर्थ साहाय्यास बोलावलेला, कैवारी."

आम्ही गप्प झालो. ख्रिस्ती मनुष्य या शत्रूस आपल्याहून वेगळे अस्तित्व मानतो. आपण षड्रिपूंना अंतरातच बसवतो. हा भेद लहान नव्हे. परंतु सहा रिपूंची नावे बालपणापासून पाठ असूनही आम्हांस त्यांचा आवाज कोठे ओळखता आला? तो आमच्याच आवाजात, आमच्याच पेशाच्या भाषेत बोलत होता.

गोव्यातील घराच्या वाटणीवरून वडील बंधूंशी आमचे अकरा वर्षे बोलणे नाही. कोर्टात गेलो नाही, याचा अभिमान मात्र बाळगला. मनात खटला रोज चाले. फिर्यादी आम्ही, साक्षीदार आम्ही, न्यायाधीशही आम्हीच. दादांच्या बाजूने वकीलपत्र कोणाचेच नव्हते. असला एकतर्फी खटला इतरत्र आम्ही क्षणभरही चालू दिला नसता.

त्या रात्री कुक्षीच्या मुक्कामी दादांची बाजू आम्ही प्रथमच मांडून पाहिली. वडिलांच्या अखेरच्या आजारात उशाशी जागले ते दादा. आम्ही तेव्हा शहरात नाव मिळवीत होतो. उलटतपासणीस एकही प्रश्न सुचला नाही.

सकाळी पत्र लिहिले. उत्तर अद्याप आलेले नाही. तरी यंदा जत्रेस आम्ही गावी जाणार आहो. देवाच्या पालखीमागून चालावयास दोघा भावांपुरती जागा खचित असते.