नवी आजी, जुनी आजी

मालिकेतला नट बदलायची वेळ आली की वाहिनीच्या बैठकीत पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘दिसायला जवळपास कोण जाईल?’ मग फोटो शेजारी शेजारी ठेवले जातात, जुन्याच साड्या नेसवून लूक टेस्ट होते, टिकलीचा आकारसुद्धा तोच ठेवला जातो. मी संवाद लिहिते. माझ्यापर्यंत प्रकरण येतं तेव्हा चेहरा पक्का झालेला असतो आणि आधी शूट करून ठेवलेल्या एपिसोडांची बँक संपत आलेली असते. हे काम मी खडकवासल्यात बसून करते, म्हणजे स्टुडिओपासून लांब आणि प्रेक्षकांच्या ऐन गर्दीत. इथं राहून माझं एक मत झालंय. तो पहिला प्रश्नच चुकीचा असतो.

धरणाच्या चौपाटीवर कणसं भाजणाऱ्या एक मावशी आहेत. रविवारी सिंहगड-पानशेतहून परतणाऱ्या गाड्यांची रांग लागली की त्यांना मान वर करायची फुरसत नसते. मोबाइल तिखट-मिठाच्या डब्याला टेकवलेला, पडद्यावर धूर आणि बोटांचे ठसे, आणि मालिका चालू. एका मालिकेतली खलनायिका बदलली त्या आठवड्यात मी त्यांना विचारलं, नवी कशी वाटते? म्हणाल्या, “तोंड कुठं बघते मी? माझं ध्यान शेगडीवर. पण आधीची बोलायला लागली की कळायचं, आता ही खोटं बोलणार. ही बोलते तर काही कळतच नाही.”

अभिनयाची इतकी नेमकी परीक्षा मी वर्तमानपत्रात क्वचितच वाचली आहे. वर्षानुवर्षं मालिका पाहणारा प्रेक्षक प्रत्यक्षात ती ऐकत असतो. पोळ्या लाटताना, भाजी निवडताना, नातवाला भरवताना. आम्हा लिहिणाऱ्यांना हे माहीत असतं; म्हणून तर आमच्या पात्रांना समोरच्याचं नाव घेतल्याशिवाय बोलता येत नाही. खऱ्या घरात नवरा-बायको एकमेकांना वाक्यागणिक नावानं हाक मारत नाहीत. मालिकेत मारतात, कारण स्वयंपाकघरातल्या बाईला कोण कुणाशी बोलतंय हे न पाहता कळलं पाहिजे. ही रीत टीव्हीची नाहीच, आकाशवाणीची आहे. मुंबई केंद्रावरच्या ‘प्रपंच’मधले टेकाडे भावजी आणि मीनावहिनी लोकांनी कधी पाहिले होते? प्रभाकर जोशी आणि नीलम प्रभू यांचे आवाज म्हणजेच ती माणसं. दुपारच्या वेळेला तर हे जास्तच लागू. दूरदर्शनवर प्रतीक्षा लोणकरांची ‘दामिनी’ लागायची ती दुपारी, बायकांचं हातातलं काम अर्धं झालेलं असताना. ‘मुरांबा’ २०२२ साली दुपारी दीडला आली तेव्हाही प्रेक्षक तसाच : कान पडद्याकडे, हात ओट्यावर.

नट बदलणं आपल्याला नवं नाही, हेही खरं. श्रीराम लागूंनी १९७० साली ‘नटसम्राट’ नाटकात उभे केलेले गणपतराव बेलवलकर पुढे दत्ता भटांनी केले, सतीश दुभाषींनी केले, यशवंत दत्तांनी केले. प्रेक्षकांनी कुरकुर करायच्या ऐवजी तुलनेची मजा घेतली. अजूनही जुनी मंडळी भेटली की ‘तुम्ही कुणाचा नटसम्राट पाहिलात?’ यावर तास जातो. मग चार बेलवलकर पचवणारा मराठी माणूस ‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली खलनायिका शनाया बदलली तर का चिडतो?

कारण नाटक आधी लिहून झालेलं असतं. नाटककार शिरवाडकरांची वाक्यं तयार होती, नट त्यांच्याकडे गेले. मालिकेत उलटं घडतं. सुरुवातीच्या कागदावर भूमिका पाच शब्दांची असते : ‘वय पंचावन्न, करारी, आतून हळवी’. मराठी मालिकांतल्या समस्त सासवा कागदावर करारी आणि आतून हळव्याच असतात. खरी भूमिका लिहिली जाते ती पहिले काही आठवडे शूटिंग झाल्यावर, त्या बाई कशा बसतात, कुठं श्वास घेतात, रागावल्यावर आवाज चढवतात की उतरवतात हे पाहून.

एका मालिकेत मी सासूला एक लांबलचक वाक्य दिलं होतं : ‘तुला जे करायचं असेल ते कर, पण या घराची अब्रू वेशीला टांगलेली मी खपवून घेणार नाही.’ बाईंनी सेटवर ते सगळं गाळलं. फक्त म्हणाल्या, “कर. कर ना.” आणि सुनेकडे बघत राहिल्या. भाग पाहिला आणि मी त्यांची वाक्यं कापायला बसले. पुढं दोन वर्षं त्या सासूला मी सहा शब्दांपलीकडे बोलू दिलं नाही. मग त्या बाई मालिका सोडून गेल्या. नव्या आल्या त्या रंगभूमीवरच्या, फेक उत्तम, उच्चार लखलखीत. आदेश असा की सासू तशीच राहिली पाहिजे. त्यांनी तेच म्हटलं, “कर. कर ना.” ऐकताना वाटलं, परवानगी देताहेत. शेजारच्या काकूंचा दुसऱ्या दिवशी निकाल : “सासू मऊ पडली गं.” मग मी त्यांना लांब वाक्यं द्यायला लागले, ‘पण’, ‘तरीसुद्धा’, ‘लक्षात ठेव’ अशी वळणं घेणारी. सासू पुन्हा करारी झाली, वेगळ्या तऱ्हेनं. काकूंनी नंतर विषय काढला नाही. आमच्या धंद्यात याहून मोठी पावती मिळत नाही.

तेव्हा नव्या नटाला जुन्याचे कपडे द्यायला हरकत नाही, जुन्याची वाक्यं देऊ नयेत. बदल फसले असं म्हणतात त्यातले अर्धे तरी इथंच फसलेले असतात.

अर्थात वेळही महत्त्वाची. ‘आई कुठे काय करते’मधली संजना आधी दीपाली पानसरे करत होत्या, हे आज आठवणीनं सांगावं लागतं. २०२० साली रुपाली भोसले आल्या आणि मालिका २०२४ मध्ये संपेपर्यंत संजना म्हणजे त्याच. भूमिका अजून ओली होती, तिला नवा हात लागला तरी चाललं. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मध्ये तसं नव्हतं. रसिका सुनील यांची शनाया घराघरांत बसून दोन वर्षं झाल्यावर, २०१८ साली त्या शिकायला अमेरिकेला गेल्या आणि ईशा केसकर आल्या. लोकांनी नाकं मुरडली, मग सवय केली, आणि २०२० साली रसिका परत आल्या तेव्हा पुन्हा नाकं मुरडली! आमच्या गल्लीत तेव्हा ‘जुनी शनाया’, ‘नवी शनाया’ आणि ‘परत आलेली जुनी शनाया’ असे तीन शब्दप्रयोग चालू होते. माझ्या मते खलनायिका बदलणं त्यातल्या त्यात सोपं. तिचा राग करायचा असतो, आणि राग नव्या माणसाचाही पटकन येतो.

‘अग्गंबाई सासूबाई’चं मात्र मला अजून वाईट वाटतं. २०२१ मध्ये तिची ‘अग्गंबाई सूनबाई’ झाली. निवेदिता सराफ आणि गिरीश ओक राहिले. तेजश्री प्रधान आणि आशुतोष पत्की यांच्या जागी उमा पेंढारकर आणि अद्वैत दादरकर आले. नव्या दोघांच्या कामात खोट नव्हती. पण सासूच्या पाठीशी उभी राहणारी सून शुभ्रा नव्या कथेत दबलेली दिसू लागली. चेहरा बदलला ते प्रेक्षकांनी माफ केलं असतं. चेहरा आणि स्वभाव एकाच दिवशी बदलले, आणि दोन्हींचा हिशेब नव्या नटीच्या नावावर लागला. मालिका त्याच वर्षी संपली.

कानाचा नियम सगळीकडे चालत नाही, हेही सांगायला हवं. ‘रात्रीस खेळ चाले’मधली शेवंता ही डोळ्यांची भूमिका. अपूर्वा नेमळेकरांची ती नजर, तो पदर, पावलं टाकण्याची ढब. तिसऱ्या पर्वात कृतिका तुळसकर आल्या तेव्हा शेगडीवरून मान वर करून बघणारे लोक होते, आणि त्यांना मागचीच शेवंता दिसत राहिली. माधव अभ्यंकरांचे अण्णा नाईक बदलायचं कुणाच्या मनातही आलं नसावं. चिं. वि. जोशींचा गुंड्याभाऊ दूरदर्शनवर बाळ कर्वे यांनी केला आणि मग आयुष्यभर रस्त्यात लोक त्यांना त्याच नावानं ओळखत राहिले. अशा भूमिकांपाशी गुपचूप मागं फिरावं.

सगळ्यात अवघड बदल आजीचा. आजीला संवाद कमी असतात, पण घरातला प्रत्येक जण तिच्याकडे बघून बोलतो. नातू तिच्या मांडीवर डोकं ठेवतो, सून तिच्यासमोर पदर सावरते. आजी बदलली की सगळ्या घराचं वागणं नव्यानं बसवावं लागतं.

१६ ऑगस्ट २०२५ रोजी ज्योती चांदेकर पुण्यात वारल्या. डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘ठरलं तर मग’मधल्या पूर्णाआजी. नायिका बदलण्यावरची भांडणं मी खूप ऐकली आहेत, पण या वेळी आमच्याकडे भांडण झालं नाही. वाद झाला, आणि तो शहाण्या माणसांचा होता. बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाल्यावर तासभर तोच विषय. एका बाजूचं म्हणणं, फोटोला हार घाला आणि आजी गेली म्हणा, खरं तेच दाखवा. दुसरी बाजू म्हणाली, अहो, तो हार खऱ्या बाईच्या फोटोला पडणार, त्यांच्या मुलींनी रोज टीव्हीवर तो बघायचा का? हा मुद्दा मला कोणत्याही क्रिएटिव्ह बैठकीत ऐकायला मिळाला नव्हता. तिसरी एक म्हातारी, जिला कमी ऐकू येतं म्हणून सगळ्या समजतात, ती म्हणाली, “सायलीच खरी तन्वी हे आजीला कळायचंय ना अजून? मग मरून कसं चालेल?”

कथेच्या दृष्टीनं म्हातारीचं बरोबर होतं. ज्या नातीसाठी आजीचा जीव तुटतो ती सून म्हणून घरातच वावरते आहे, या गुपितावर मालिका उभी. ओळख पटायची ती आजीला.

काही आठवड्यांनी रोहिणी हट्टंगडी पूर्णाआजी म्हणून आल्या. दिसण्यात साम्य शोधायचं म्हटलं तर फारसं नाही. निवड चांगली म्हणते ती त्यामुळंच. ‘चार दिवस सासूचे’ २००१ पासून अकरा वर्षं, तीन हजारांवर भाग चालली, तिच्यातल्या आशा देशमुख त्याच. ‘होणार सून मी ह्या घरची’मधली आईआजीही त्याच. खडकवासल्यातल्या साठीच्या बाईला त्यांचा आवाज वीसहून अधिक वर्षांच्या ओळखीचा आहे. त्या नव्या आजी म्हणून आल्याच नाहीत, माहितीतल्या थोरल्या जाऊबाई घर सांभाळायला याव्यात तशा आल्या. मात्र त्यांच्या तोंडी ज्योतीताईंच्या लकबी घालू नयेत, असं मला पहिल्या भागापासून वाटत होतं. ज्योतीताईंच्या बोलण्यात पुणेरी घरातला एक कोरडा लाड होता, तो त्यांच्याबरोबर गेला.

बदल झाला की प्रेक्षकांना न दिसणारं एक नुकसान होतं, ते म्हणजे फ्लॅशबॅक. रोजच्या मालिकेचा निम्मा संसार आठवणींवर चालतो. पात्र खिडकीत उभं राहिलं की दोन वर्षांपूर्वीचं लग्न, भांडण, पाऊस दाखवता येतो. भागातली काही मिनिटंही भरतात. नट गेला की हा साठा कुलूपबंद. मग माझ्यासारखीला सांगतात, ‘आठवण संवादातून येऊ द्या.’ त्यामुळं बदलानंतर महिनाभर मालिकेतली माणसं अचानक फार बोलायला लागतात. भिंतीवरचे फोटोही बदलावे लागतात. दिवाणखान्यातल्या लग्नाच्या फोटोत नव्या नवरीचा चेहरा चिकटवतात, आणि तो दाखवायचा नाही म्हणून कॅमेरा त्या भिंतीकडे फिरकत नाही. आमच्या काकूंना भिंत दिसेनाशी झाल्याचंही कळलं होतं.

बाहेरच्या जगात याहून मोठे घोळ झाले आहेत. अमेरिकेतल्या ‘डेज ऑफ अवर लाइव्हज्’मध्ये रोमन ब्रेडीची भूमिका करणारा नट मालिका सोडून गेला, १९८६ मध्ये दुसरा आला, चेहरा बदललाय अशी कथा रचली. १९९१ मध्ये पहिला परत आला, तेव्हा दुसऱ्याला काढायचं जिवावर आलं म्हणून ‘हा रोमन नव्हताच’ असं ठरवून त्याला वेगळं नाव दिलं. आपल्याकडे ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ जुलै २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली ती स्मृती इराणी आणि अमर उपाध्याय यांना घेऊन. आमच्या गल्लीतल्या एका बाईंना अमर उपाध्याय यांचा नायक मिहीर परका वाटतो. त्यांनी वर्षानुवर्षं पाहिला तो रोनित रॉय यांचा. मूळ कोण आणि नंतरचा कोण, हे प्रत्येक घरात टीव्ही कधी आला त्यावर ठरतं.

अमेरिकेतल्या दुपारच्या मालिकांत एक साधी पद्धत होती. भागाच्या वेळी निवेदकाचा आवाज सांगायचा, आजपासून अमुक भूमिका तमुक करतील. आपल्या नाट्यगृहातही बदली नट असेल तर पडदा उघडण्याआधी सांगायची रीत आहे, आणि प्रेक्षक त्या नटाला थोडी जास्तच टाळी देतात. मालिकेत मात्र नवी बाई एक दिवस जिन्यावरून उतरते आणि सगळे तिला आई म्हणायला लागतात. एका बैठकीत मी सुचवलं होतं की भागाच्या सुरुवातीला एक पाटी टाकूया, जुन्या नटाचे आभार आणि नव्याचं नाव, दहा सेकंद. सगळे गप्प झाले. मग सर्वांत तरुण क्रिएटिव्ह फार गंभीरपणे म्हणाला, “पण मॅडम, मग लोकांच्या लक्षात येईल ना.”