कवटीपलीकडचा उजेड

अंधाऱ्या खोलीत विजेरीच्या तोंडावर तळहात दाबून धरला, म्हणजे बोटांच्या कडा निखाऱ्यासारख्या लाल दिसू लागतात. हा खेळ न खेळलेला मुलगा विरळाच. परंतु पांढरा उजेड हातातून बाहेर पडताना तांबडा का होतो, असे फारसे कोणी विचारीत नाही. रक्त आणि मांस प्रकाशातील इतर रंग गिळून टाकतात व तांबड्याला पुष्कळशी वाट देतात. तांबड्याच्याही पलीकडे जो अवरक्त प्रकाश आहे, तो डोळ्यांना दिसत नाही. पण त्याच्या काही किरणांना ही वाट अधिकच मोकळी असते.

फ्रान्स योब्सिस हे अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे शास्त्रज्ञ. घरी जेवताना ताटातील खांद्याचे एक पातळ हाड त्यांनी सहज उजेडासमोर धरले आणि त्यातून प्रकाश पार येतो, हे त्यांच्या ध्यानात आले. हाडातून प्रकाश जातो, तर कवटीतून का जाऊ नये? १९७७ साली त्यांनी आपले संशोधन प्रसिद्ध केले. अवरक्त किरण डोक्यात शिरतात आणि मेंदूतील रक्ताची वार्ता घेऊन बाहेर येतात, हे त्यातून सिद्ध झाले.

ही वार्ता केव्हा केव्हा किती मोलाची असते! आंब्याच्या झाडावरून पडलेला एखादा मुलगा कपडे झटकून उठतो, बोलतो, पाणी मागतो. घरच्यांना हायसे वाटते. दोनतीन तासांनी त्याचे डोके ठणकू लागते, ओकारी होते, तो गुंगीत जातो. पडताना बसलेल्या माराने कवटीच्या आतील एखादी रक्तवाहिनी फुटलेली असते आणि थेंब थेंब रक्त साचत असते. कवटी ही मेंदूची तटबंदी खरी. पण आत रक्त साचू लागले, म्हणजे ती तसूभरही मागे सरत नाही आणि बिचारा मेंदू चेपला जातो. शल्यविशारद कवटी उघडून ते रक्त काढू शकतो. मात्र रक्त साचले आहे हे त्याला वेळेवर कळले पाहिजे.

ते दाखविणारे यंत्र नाही असे नव्हे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने प्रथमच एका रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले. आज ज्याला सीटी स्कॅन म्हणतात, तो हाच. त्याची योग्यता वादातीत आहे. पण त्याला स्वतंत्र खोली लागते, भरपूर वीज लागते, जाणता माणूस लागतो. आणि मुख्य म्हणजे रुग्णाने त्याच्या दारी जावे लागते. दूरच्या गावातल्या किंवा रणांगणावरच्या जखमीला ते दार वेळेत गाठता येईलच असे नाही.

मग यंत्रानेच रुग्णाकडे जावे, हा विचार ज्यांच्या संशोधनातून आकाराला आला, त्यांत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे ब्रिटन चान्स हे प्रमुख होत. माणूस विलक्षण! दुसऱ्या महायुद्धात त्यांनी रडारवर काम केले, आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये शिडाच्या नौकांच्या शर्यतीत सुवर्णपदक पटकाविले. त्यांच्यापुढची अडचण मोठी होती. साचलेल्या रक्तात रक्ताचे लाल द्रव्य मेंदूच्या मानाने सुमारे दहा पट दाट असते; म्हणून तेथे प्रकाश अधिक शोषला जातो. पण प्रत्येकाची कवटी वेगळी, त्वचेचा वर्ण वेगळा. एकाच्या डोक्यातून परतणारा उजेड दुसऱ्याच्या डोक्याला माप म्हणून कसा लावावा?

तो लावूच नये, हे त्यावरचे उत्तर. ज्याचे डोके, त्याचेच माप! कपाळाच्या डाव्या बाजूस जेवढा प्रकाश परत येतो, त्याची तुलना त्याच कपाळाच्या उजव्या बाजूशी करावयाची. दोन्ही बाजूंची हाडे सारखी, वर्ण सारखा. तरीही एकीकडून उजेड कमी आला, तर तेथे रक्त असण्याचा संशय बळावतो. ह्यूस्टनच्या शल्यविशारदांनी चान्स यांच्यासह रुग्णांवर ही गोष्ट तपासली आणि १९९३ साली प्रसिद्ध केली. साचलेले रक्त काढल्यावर हा फरक ओसरतो, असेही त्यांना आढळले.

याच तत्त्वावर हातात मावणारे ‘इन्फ्रास्कॅनर’ तयार झाले. कपाळ, कानशिले, माथ्याच्या दोन बाजू आणि मागील भाग अशा आठ जागी ते टेकवितात. काही मिनिटांत काम होते. केस ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण केसही प्रकाश अडवितात. म्हणून बटांमधून वाट काढून थेट त्वचेला भिडणाऱ्या बारीक प्रकाशनळ्या त्याला बसवाव्या लागल्या. आरंभी मोजणारा भाग वेगळा आणि उत्तर दाखविणारा खिशातला संगणक वेगळा होता. पुढच्या आवृत्तीत दोन्ही एकत्र आले. डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकन सरकारच्या औषध प्रशासनाने त्याला परवानगी दिली. चान्स मात्र नोव्हेंबर २०१० मध्येच, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी निवर्तले होते. आपल्या देशातही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२५ साली याच जातीच्या ‘सेरेबो’ या उपकरणाची घोषणा केली. बेंगळुरूची निम्हान्स आणि भोपाळचे एम्स या संस्थांचा त्यात हातभार आहे.

तथापि या लहानग्या उपकरणाची दृष्टीही लहानच आहे. साडेतीन मिलिलीटर, म्हणजे चहाचा एक चमचाही भरणार नाही, एवढे रक्त इन्फ्रास्कॅनरला कळते. पण ते मेंदूच्या पृष्ठभागापासून अडीच सेंटिमीटरांच्या आत असावे लागते. त्याहून खोल काय घडले, ते त्याला ठाऊक नसते. दोन्ही बाजूंना सारखेच रक्त साचले, तर डाव्या-उजव्याचा हिशेबच चुकतो. डोक्यावर बाहेरून टेंगूळ आले असेल, तरी ते फसते. सीटी स्कॅनची जागा हे उपकरण घेऊ शकत नाही, असे त्याच्या परवानगीतच नमूद आहे. ते कोणाला आधी पाठवावे एवढे सुचविते. म्हणून झाडावरून पडलेल्या त्या मुलाच्या डोक्यावरून ते आठही जागी फिरविले आणि त्याने काही दोष दाखविला नाही, तरी मुलगा ओकत असेल, गुंगीत जात असेल, तर शहाणा डॉक्टर उपकरण खिशात ठेवतो आणि त्याला गाडीत घालून मोठ्या रुग्णालयाकडे रवाना करतो.