दोन रात्रींचा मुक्काम

प्रवासांत शेवटीं कोठें पोहोंचावयाचें, हें बहुधा आधींच ठरलेलें असतें. वाटेंत कोठें थांबावयाचें, हें मात्र आपणांस ठरवावें लागतें. गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्यावर असा प्रसंग आला. तो येथें सांगण्याचें कारण इतकेंच कीं, ही लहानशी निवड करतांना आमच्या हातून एक मोठी चूक होतां होतां राहिली.

अकोल्यास नात्यांतील एक लग्न होतें. तें आटोपल्यावर शाळा उघडण्यास चार दिवसांचा अवकाश उरणार होता. मंडळी चौघें: आमच्या मातोश्री, पत्नी, नववींत शिकणारा मुलगा आणि आम्ही. अकोल्याहून पूर्णेकडे जाणारी आगगाडी वाशीम, हिंगोली, वसमत या गांवांवरून जाते. पूर्णा जंक्शनावरून एक वाट नांदेडाकडे व दुसरी परभणीकडे फुटते. या मार्गावर कोठें तरी दोन रात्री राहावें असें ठरलें. कार्तिकी एकादशी होऊन गेलेली, श्रावण केव्हांच सरलेला, महाशिवरात्र अद्याप दूर. तेव्हां यात्रेचा हंगाम नव्हता. अशा आडदिवसांत खोली सहज मिळते, भाडें बेताचें पडतें व रांगांत तिष्ठावें लागत नाहीं, हें आमच्या सारख्या बेतशीर मिळकतीच्या शिक्षकास ठाऊक असतें.

शिक्षकाची खोड जाणार कोठें? आम्हीं वही काढली, कोष्टक आंखलें, प्रत्येक गांवास एक पान दिलें आणि गुण घालावयास आरंभ केला. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. ज्याच्या काळीं अजिंठ्याचीं कित्येक लेणीं कोरलीं गेलीं, तो हरिषेण राजा याच शाखेचा. हिंगोली हें १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळ्या झालेल्या जिल्ह्याचें ठाणें. तेथें राहण्याची सोय बरी. नांदेडास गोदावरीचा कांठ आहे. गुरु गोविंदसिंग यांनीं १७०८ सालीं तेथें देह ठेवला आणि महाराजा रणजितसिंग यांनीं पुढें एकोणिसाव्या शतकांत तेथें गुरुद्वारा बांधविला. शिवाय मोठीं रुग्णालयें, चांगल्या खाणावळी. आणि औंढा नागनाथ? तालुक्याचें लहान गांव, रेल्वे नाहीं, हिंगोलीस उतरून एस. टी.नें सुमारें पंचवीस किलोमीटर जावयाचें. पाहावयास मुख्यतः एक देऊळ. बेरीज केली तेव्हां नांदेडास सर्वांत अधिक गुण पडले व औंढा शेवटचें आलें.

मातोश्रींस विचारलें. त्या म्हणाल्या, "तुमच्या सोयीनं करा. मला काय, कुठंही बसवा." ही संमति समजून आम्ही नांदेडास फोन करणार, तोंच मुलगा म्हणाला, "बाबा, आजी रोज दुपारी तुमच्या वहीतलं औंढ्याचं पान उघडून बघते. का ते तुम्ही विचारलंत का तिला?"

विचारलें नव्हतें. विचारल्यावर आईनें हळूहळू सांगितलें. आमचे आजोबा सरकारी नोकरींत होते. १९५५ च्या सुमारास, हा प्रदेश हैदराबाद राज्यांत असतांना, त्यांची बदली औंढ्यास झाली. १९५६ सालीं राज्यांची पुनर्रचना होऊन मराठवाडा मुंबई राज्यांत आला, तेव्हां आई तेथल्या शाळेंत पाटीवर अक्षरें गिरवीत होती. त्याच वर्षीं तिची धाकटी बहीण चार दिवसांच्या तापानें गेली. गांवांत आपल्या लोकांची स्मशानभूमि नव्हती. गांवाबाहेर एका चिंचेखालीं तिला मूठमाती दिली. पुढें बदली झाली, आणि मग कोणी तिकडे फिरकलें नाहीं.

"मग आजवर बोलली का नाहींस?" आम्हीं विचारलें.

"तुम्ही कामांत असतां," आई म्हणाली.

नांदेडास राहून एका दिवसांत औंढ्यास जाऊन यावें, असेंही आम्हीं सुचवून पाहिलें. त्यावर तिनें एवढेंच म्हटलें, "धावतपळत नको रे." मग वही मिटली व दोन्ही रात्री औंढ्यासच काढावयाचें ठरलें.

हिंगोलीहून निघालों तेव्हां दोहों बाजूंस तुरी पिवळ्या फुलांनीं भरल्या होत्या, कापसाचीं बोंडें फुटलीं होतीं आणि ज्या हळदीसाठीं हा जिल्हा प्रसिद्ध आहे तिचीं पानें अजून हिरवीं होतीं. बसस्थानकाजवळ एका साध्या लॉजांत उतरलों. अंघोळीस ऊन पाणी बादलीनें आणावें लागलें. पण मालकास बोलावयास वेळ होता, हें त्याहून मोलाचें.

दुसरे दिवशीं सकाळीं देवळाच्या विस्तीर्ण आवारांत गेलों तों माणसें मोजकींच. खालचें काळ्या दगडाचें, मूर्तींनीं भरलेलें काम यादवकालीन हेमाडपंती पद्धतीचें. वरचा चुनेगच्ची भाग मागाहूनचा, हें नुसत्या डोळ्यांस कळतें. येथें नंदी देवळाच्या मागल्या अंगास आहे. नामदेवांस कीर्तनासाठीं मागें जावयास लावलें तेव्हां देऊळच त्यांच्याकडे फिरलें, अशी त्याची कथा सांगतात. नामदेवांचे गुरु विसोबा खेचर त्यांस भेटले तेही औंढ्यासच, अशी परंपरा आहे. आणि त्यांचें जन्मगांव मानलें जाणारें नरसी याच जिल्ह्यांत. त्यांचीं एकसष्ट पदें शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबांत आहेत, हें मुलास सांगतांना आमच्या ध्यानांत आलें कीं, सुटलेलें नांदेड तितकेंसें दूर राहिलेलें नाहीं.

आई ओट्यावर बसून भिंतीकडे पाहात होती. "आम्ही दोघी ह्या मूर्ती मोजायचो," ती म्हणाली. "धाकटीला विसाच्या पुढं येत नसे. मग ती पुन्हा एकापासून लागायची."

चिंच मात्र सांपडेना. जेथें शेत असावें तेथें घरें, जेथें पाऊलवाट तेथें डांबरी रस्ता. शेवटीं फुलें-नारळाच्या एका वृद्ध दुकानदारास विचारलें. त्यानें दुकानावर नातवास बसविलें आणि आईच्या चालीनें, मध्यें मध्यें थांबत, तासभर आमच्या बरोबर फिरला. "ह्या अंगाला चिंचा होत्या, माय," तो एका मोकळ्या पट्टीपाशीं थांबून म्हणाला. "तोडून लई वर्सं झाली." महाशिवरात्रीस त्यास दुकानांतून क्षणभरही हलतां आलें नसतें.

आई तेथें बराच वेळ उभी राहिली. मग तिनें आपल्या बहिणीचें नांव उच्चारलें. आमच्या वयास सत्तेचाळीस वर्षें झालीं. आपल्या मावशीचें नांव आम्हीं त्या दिवशीं प्रथम ऐकलें.

दुपारीं मुलाचा हट्ट पुरविला. याच तालुक्यांत दुधाळ्याच्या परिसरांत गुरुत्वीय लहरींची ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा योजिली आहे. २०१६ सालीं तिला तत्त्वतः व २०२३ सालीं पूर्ण मंजुरी मिळाली. काटकोनांतील चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन बाहूंत प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा-हजाराव्या भागाएवढा फरक ओळखावयाचा, हें तिचें काम. अमेरिकेंतील अशाच दोन यंत्रांनीं १४ सप्टेंबर २०१५ रोजीं दोन कृष्णविवरांच्या मीलनाची लहर प्रथम टिपली. रस्त्यावरून पाहण्याजोगें फारसें नव्हतें. परंतु मुलगा म्हणाला, "आजी, इतकी बारीक हालचाल ओळखायची तर भोंवतीं गाड्या, कारखाने, हादरे नकोत. म्हणून असली जागा शोधावी लागते."

हें ऐकून आम्ही मनांत खजील झालों. त्या शास्त्रज्ञांनींही जागा निवडतांना कोष्टक केलेंच असेल. पण त्यांनीं आधीं शांततेचा विचार केला. आमच्या कोष्टकांत भाडें, भोजन, रुग्णालय, प्रेक्षणीय स्थळें असे सारे रकाने होते. जें हळू आवाजांत बोललें जातें, त्यासाठीं एकही नव्हता. तें ऐकूं आलें तें एका चौदा वर्षांच्या मुलास.

बाळांनो, पुढल्या सुटींत घरीं असा बेत निघाला तर भाडें जरूर पाहा, गर्दीचे दिवस टाळा, अंतरें मोजा. परंतु त्याआधीं, "मला काय, कुठंही चालेल," असें घरांत कोण म्हणालें तें पाहा, आणि त्या माणसास पुन्हां एकदां विचारा. नांदेड आम्ही पुढल्या वर्षीं पाहूं. वही तीच आहे. पहिला रकाना मात्र आम्हीं नवीन आंखला आहे, आणि तो भरावयास प्रथम आईच्या हातीं देणार आहों.